दोन लाकडी शेपटं

ओनेझिम लिझोट हे नाव फक्त चर्चच्या वहीत आणि गाडीच्या परवान्यावर होतं. बाकी नदीच्या अल्याड अमेरिकेतल्या मेन राज्यात आणि पल्याड कॅनडातही तो नुसता झीम होता. शाळा सातवीपर्यंत. चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत पाळ्या केल्या, आणि हिवाळ्यातल्या प्रत्येक सुटीला कुत्री घेऊन रान तुडवलं. गिरणीत त्याला कुणी काही विचारत नसे. रानमांजराचा विषय निघाला की मात्र त्याच्यापुढे कुणी बोलत नसे.

कुणाच्या कोंबड्या गेल्या, कुणाच्या गाडीपुढून काही आडवं पळालं, की फोन झीमला. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"शेपूट पाहिलंस?"

"एवढ्या लांबून शेपूट कसं दिसणार, झीम?"

"मग तू मांजर पाहिलंच नाहीस. काहीतरी केसाळ पाहिलंस. फोन ठेव आणि कॉफी पी."

त्या मुलखात रानमांजरं दोन. बॉबकॅट आणि लिंक्स. दोघांची शेपटं तोडल्यासारखी आखूड, दोघांच्या कानांच्या टोकांना केस, दोघांच्या गालांवर कल्ले. म्हाताऱ्यांच्या बोलीत दोघांना नावही एकच होतं. त्यांना वेगळं केलं ते कायद्यानं. बॉबकॅटची थंडीत शिकार चालते; लिंक्सला गोळी लागली तर राज्याच्या नव्हे, थेट वरच्या सरकारशी गाठ. हा फरक लोकांना कळावा म्हणून राजधानीतल्या साहेबांनी एक रंगीत तक्ता छापून धाडला होता. झीमनं तो शिकारी क्लबच्या हॉलमध्ये लावू दिला नाही.

"तक्त्यातलं मांजर कसं बसलंय बघा," तो म्हणाला होता. "एका अंगावर, उन्हात, फोटो काढून घ्यायला आल्यासारखं. रानातलं मांजर तुमच्याकडे ढुंगण करून झाडात बसतं. तेवढंच ओळखायला शिका."

आणि त्यानं सीडरच्या लाकडाची दोन शेपटं कोरली. एकाचं टोक चहूबाजूंनी काळं, शाईत बुडवून काढल्यासारखं, ते लिंक्सचं. दुसऱ्याचं टोक वरून काळं पण खालून पांढरं; ते बॉबकॅटचं. दर ऑक्टोबरात, बटाट्याची काढणी उरकली की हॉलमध्ये त्याचा वर्ग भरे, आणि शिकारी, वाटाडे, नवीन वनरक्षक असे सगळे बाकांवर दाटीवाटीनं बसत. परीक्षा म्हणजे एवढीच: हॉलच्या टोकाला फरच्या झाडाची एक फांदी उभी करायची, तिच्याआड झीमनं उभं राहायचं आणि पानांतून क्षणभर एक शेपूट दाखवायचं. असं दहा वेळा. बघणाऱ्यानं कागदावर लिहायचं, कोणतं.

हॅलोवेल नावाची एक तरुण वनरक्षक दक्षिणेकडून नवीनच बदलून आली होती, तेव्हाची गोष्ट. तिनं सगळी बरोबर लिहिली, एका ठिकाणी मात्र लिहिलं, 'दिसलं नाही.' झीमनं तो कागद सगळ्यांपुढे वाचून दाखवला.

"दिसलं नाही? बाई, तुम्हाला सरकारनं डोळे दिलेत की नुसता बिल्ला?"

हॉल खदखदून हसला. हॅलोवेलही हसली, पण तिचे कान लाल झाले. तिला दहापैकी नऊ मिळाले.

झाडाखालचा नियमही झीमचाच. कुत्र्यांनी मांजर झाडावर चढवलं की ज्याच्या हातात बंदूक असेल त्यानं जागचं हलायचं नाही, नजर नळीवर. दुसऱ्यानं झाडाला फेरी मारायची, शेपूट बघायचं आणि सांगायचं. मांजर बावचळून उडी मारतं, म्हणून दोघांनी फिरायचं नाही. वीस वर्षं त्या भागात जवळजवळ सगळे असंच करत, आणि जमेल तेव्हा फेरी मारायला झीमलाच नेत. स्वतः बंदूक धरणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. त्याला त्याची गरज नव्हती. "मारणारे ढिगानं आहेत," तो म्हणे, "बघणारा एकच."

त्या बघणाऱ्याच्या उजव्या डोळ्यात दीड वर्षापासून मोतीबिंदू वाढत होता.

आधी दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. मग वर्तमानपत्र झिजल्यासारखं दिसू लागलं. मग डाव्यातही सुरू झालं. कॉफी ओतताना तो कपाच्या कडेला बोट लावून ठेवायला शिकला. फेर्नांदनं, त्याच्या बायकोनं, एकदा विचारलंही.

"बोट कशाला घालतोस कपात?"

"गरम आहे का बघतो."

"चाळीस वर्षं बघितलं नाहीस ते."

"चाळीस वर्षं तुझी कॉफी गरम असायची."

विषय तिथेच मिटला. डॉक्टरकडे जावं तर डॉक्टर पहिलं काय करेल, गाडीच्या परवान्याचं बोलेल. त्या मुलखात गाडी गेली की माणूस खुर्चीतला झाला. आणि खुर्चीतल्या माणसाला कुणी फोन करून शेपूट विचारत नाही. तेव्हा झीम गप्प राहिला. गप्प राहायला त्याला फारसं अवघडही गेलं नाही, कारण अर्धं काम डोळ्यांचं नसतंच. कुत्री कशी भुंकते, मांजर कड्याच्या उन्हाच्या अंगानं पळतं की फरच्या दाट झाडीत घुसतं, हे ऐकून मांजर कोणतं ते त्याला आधीच कळे. शेपूट बघणं हे शेवटची सही करण्याइतकंच उरलं होतं. आणि गेल्या दोन हिवाळ्यांत त्यानं न वाचता सह्या केल्या होत्या. बरोबर निघाल्या म्हणून कुणाला कळलं नाही.

फेब्रुवारीत, हंगाम संपायला चार दिवस राहिले असताना, लेआंद्र आला. लेआंद्र म्हणजे फेर्नांदचा धाकटा भाऊ. शहरातून येणाऱ्या हौशी लोकांना शिकारीला नेणारा वाटाड्या. परवाना, गणवेशाची टोपी, सगळं रीतसर. त्याचं घर त्यावरच चाले. अख्खा हंगाम दुसऱ्यांना मांजरं दाखवण्यात गेला आणि स्वतःला एकही नाही.

"चल, झीम. तुझी म्हातारी पण घे."

म्हातारी म्हणजे मादाम, झीमची नऊ वर्षांची शिकारी कुत्री. फेर्नांदनं प्लॉयची चळत फडक्यात बांधून दिली. गव्हाळ्या रंगाचे ते जाड घावन आणि त्यांवर फासायला डुकराच्या मांसाचं क्रेतों. दोघं निघाले.

तीन दिवस आधी ऊन पडून बर्फ वितळलं होतं आणि मग गारठून वर काचेसारखा पापुद्रा धरला होता. ओढ्याच्या वळणावर ठसे लागले. गोल, चार बोटं, नखांची खूण नाही. मांजरच. झीम गुडघ्यावर बसला, हातमोजा काढला आणि ठशात आपला हात ठेवून पाहिला. मोठा होता.

"मोठा आहे रे," लेआंद्र म्हणाला.

"सकाळच्या उन्हानं वितळलाय. कडा पसरल्यात."

"खोल नाही गेलेला."

"या पापुद्र्यावर तूसुद्धा खोल जाणार नाहीस, एवढा खाऊन."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मऊ बर्फात बॉबकॅट पोटापर्यंत रुततो आणि लिंक्स आपल्या पसरट केसाळ पावलांवर तरंगत जातो. पापुद्र्यावर दोघंही सारखेच चालतात. वितळलेला ठसा कुणाचाही मोठा दिसतो. म्हणजे ठशावरून त्या दिवशी काहीच सांगता येत नव्हतं. तेवढं सांगून मग उठायला हवं होतं. झीमनं मादामची साखळी सोडली.

तासाभरानं तिचा आवाज बदलला. मांजर झाडावर चढलं की ती एका जागी, एका तालात भुंकते. दोघं बर्फावर चालायचे जाळीचे बूट आपटत पोचले तेव्हा ती फरच्या दाट झाडीत एका बुंध्याला पाय लावून उभी होती. ती झाडी सशांची, आणि सशांमागे फिरणाऱ्या लिंक्सची. झीमला ते ठाऊक होतं, पण लेआंद्रनं बंदूक खांद्याला लावलेली होती आणि नजर नळीवर ठेवली होती. झीमनं झाडाला फेरी मारली.

ऊन फांद्यांच्या मागून येत होतं. झीमला झाड दिसलं. झाडात एक करडा गोळा दिसला. गोळ्याच्या खालच्या टोकाला काहीतरी काळसर होतं, किंवा ती फांदी होती. त्यानं डोळे चोळले, मान तिरकी केली, दोन पावलं सरकला. गोळा गोळाच राहिला.

"काय रे?" पलीकडून लेआंद्रनं हळू आवाजात विचारलं. "दिसलं?"

चाळीस वर्षांत त्या प्रश्नाला झीमच्या तोंडून कधी 'नाही' गेलं नव्हतं. गेलं नाही ते त्या दिवशीही.

"बॉबकॅट."

गोळी वाजली. मांजर फांद्यांवर आपटत खाली आलं आणि बर्फात पडलं. मादाम धावली, लेआंद्रनं तिला पट्ट्याला धरून मागे ओढलं आणि वाकला. त्यानं शेपूट हातात घेतलं.

"झीम."

झीम आला. आता मांजर त्याच्या पायाशी होतं आणि पायाशी असलेलं त्याला दिसत होतं. मागचे पाय लांब. पंजे बशीएवढे. शेपूट लेआंद्रच्या हातात होतं आणि त्याचं टोक चहूबाजूंनी काळं होतं.

"तू पाहिलंस ना शेपूट?"

खरं सांगायची ती आणखी एक संधी होती.

"पाहिलं."

"खालून पांढरं?"

"पांढरंच वाटलं."

लेआंद्रनं टोपी मागे सारली. झीमच्या मनात एकच होतं, खड्डा. ओढ्याच्या काठाला बर्फ छातीएवढं होतं. एप्रिलपर्यंत कोल्ह्यांनी हाडंसुद्धा ठेवली नसती. "लेआंद्र," तो म्हणाला, "इथं आपण दोघंच आहोत. आणि ही म्हातारी. ती कुणाला सांगणार नाही."

"पुरायचं म्हणतोस?"

"हो म्हणतो."

लेआंद्रनं मान हलवली. "का पुरायचं? उजेडात तुला खालून पांढरं दिसलं, म्हणजे काळ्यात फिके केस असणार. मग हे मिश्र आहे. दोघांचं पिल्लू. असतात अशी, तूच शिकवलंस. मिश्र असेल तर मला काही होत नाही. पुरलं आणि कुणाला सापडलं तर माझा परवाना गेला. चल, हॅलोवेलकडे नेऊ. मी काही चोरी केली नाही."

झीमनं मादामला साखळी घातली. पोरगा प्रामाणिक होता, म्हणजे पोरगा कसला, त्रेपन्न वर्षांचा, पण झीमच्या लेखी पोरगाच. आणि तो प्रामाणिक होता तो झीमच्या डोळ्यांच्या भरवशावर. मांजर ताडपत्रीत गुंडाळून पिकअपमध्ये ठेवलं. गाडी झीमची, म्हणून झीमनंच चालवली. चाळीस मैल. समोरून लाकडांनी लादलेले ट्रक येत होते आणि लेआंद्र शेजारी प्लॉय खात बसला होता.

"मिश्रच असणार," तो मध्येच म्हणाला. "कान बघ ना. लिंक्सचे याहून लांब असतात."

"असतात," झीम म्हणाला.

हॅलोवेल कचेरीत एकटीच होती. तिनं मांजर टेबलावर घेतलं, पंजाखाली आपला तळहात ठेवला. पंजानं तळहात झाकला. मग शेपूट उचललं.

"शाईत बुडवल्यासारखं," ती म्हणाली. झीमचेच शब्द.

लेआंद्रनं सगळं सांगितलं, मिश्र जातीचंही.

"असू शकतं," ती म्हणाली. "नमुना तपासायला जाईल, महिन्यात कळेल. तोवर तुमचा जबाब. लेआंद्र, मी लिहिते, तुम्ही खाली सही करायची. पण विचार करून सांगा. चूक झाली तर ती एक गोष्ट. जबाब खोटा निघाला तर ती दुसरी. मग वाटाड्याचा परवाना तुम्हाला जन्मात परत मिळणार नाही."

"खोटं कशाला सांगू? झाडात शेपूट खालून पांढरं दिसलं होतं."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी बंदूक धरून होतो. झीमनं पाहिलं. हा काय, इथेच उभाय." लेआंद्रनं त्याच्याकडे पाहून जवळजवळ हसूनच म्हटलं, "झीमनं पाहिलं म्हणजे झालं की."

हॅलोवेलनं पेन उचललं. 'शेपूट खालून' इतकं लिहून झालं.

"लिहू नका," झीम म्हणाला.

तिनं वर पाहिलं.

"मी शेपूट पाहिलं नाही."

"म्हणजे काळं दिसलं?"

"काहीच दिसलं नाही. झाड दिसलं. त्यात एक करडा गोळा दिसला. दीड वर्षं झालं, उजव्यात धुकं आहे. डावा बरा होता, आता तोही नाही. मी याला बॉबकॅट म्हणून सांगितलं. रानात यानं परत विचारलं, तेव्हाही खोटं बोललो. पुरून टाकू, असंही मीच म्हणालो. यानं ऐकलं नाही. तेही लिहा."

कचेरीतला हीटर घरघरत होता. लेआंद्र त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होता की झीमला त्या घटकेला आपला आंधळेपणा थोडा जास्त असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

"चाळीस मैल," लेआंद्र म्हणाला. "चाळीस मैल तू मला या डोळ्यांनी घेऊन आलास? त्या ट्रकांच्या समोरून?"

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ आहे." लेआंद्रनं टेबलावरच्या मांजराकडे बोट दाखवलं. "आणि हे? हेही पाठ होतं?"

 हॅलोवेलनं लिहिलेली ओळ खोडली आणि नवा कागद घेतला. लिहिता लिहिता ती एवढंच म्हणाली, "मिस्टर लिझोट, तुमच्या वर्गात माझा एक मार्क गेला होता. आठवतं?"

"आठवतं."

ती पुन्हा लिहायला लागली. तिनं आणखी बोलायला हवं होतं, असं झीमला वाटलं. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

बाहेर आल्यावर लेआंद्रनं हात पुढे केला. "चावी." झीमनं दिली. परतीच्या वाटेवर गाडी लेआंद्रनंच चालवली. मागे मादाम मध्येच कण्हायची. घरी लेआंद्रनं चावी झीमला परत केली नाही. स्वयंपाकघरात जाऊन बहिणीच्या हातात दिली.

"हिच्याकडेच राहू दे," म्हणाला आणि गेला.

सगळं ऐकून फेर्नांद ताटांकडे वळली. "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू चावी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती. मग आज माझा भाऊ जेवायला थांबला असता."

तपासणीत मांजर पूर्ण लिंक्स निघालं. आपणहून येऊन सांगितलं म्हणून लेआंद्रचा तुरुंग टळला, पण कायदा बघतो ते बंदूक कुणाच्या हातात होती ते. वाटाड्याचा परवाना एका वर्षासाठी गेला, आणि परत मिळवायचा तर ओळख-परीक्षा पुन्हा द्यायची. ऑगस्टातल्या अस्वलांसाठी आणि शरदातल्या मूस हरणांसाठी नावं नोंदवलेले त्याचे शहरातले लोक दुसरीकडे गेले. तो बटाट्याच्या वखारीत सरकत्या पट्ट्यापुढे उभा राहून सडके बटाटे वेचू लागला. झीमला कोर्टानं ताकीद दिली, बस. तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. गुन्हा त्यानं केला होता आणि शिक्षेच्या लायकही कुणी त्याला समजलं नाही.

रविवारची जेवणं बंद झाली. फेर्नांद भावाकडे प्लॉय पाठवी, ताट परत येई, धुतलेलं आणि रिकामं. क्लबात झीम गेला की बोलणं थांबत नसे, पण कुणी त्याला काही विचारत नसे. फोन तर वाजायचाच बंद झाला.

जूनमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर त्यानं फेर्नांदकडे पाहिलं.

"तू म्हातारी झालीस."

"तू आज पाहिलंस. मी रोज आरशात बघतेय."

घरी येऊन तो कोठीत गेला आणि खोक्यातून ती दोन लाकडी शेपटं काढली. बॉबकॅटच्या टोकाखालचा पांढरा रंग हॉलमधल्या सिगारेटींनी आणि हातांच्या मळानं तपकिरी पडला होता. फांदीआडून, क्षणभरात, दोन्हीत फरक कळेल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं. मग गेली काही वर्षं लोक दहापैकी दहा कसे लिहीत होते? तोच सवयीनं एकाआड एक दाखवत होता आणि पोरांना ते कळलं होतं. तो तिथेच पिंपावर बसला.  संध्याकाळी फेर्नांदकडून घरातला पांढरा ऑइलपेंट मागून घेतला.

ऑक्टोबरात हॅलोवेल दारात आली.

"वर्ग घ्यायचाय."

"तक्ता लावा."

"तक्त्यातलं मांजर पुठ्ठ्यावर बसलेलं असतं," ती म्हणाली. "शनिवारी, दहा वाजता."

फेर्नांदनं त्याला गाडीतून हॉलवर सोडलं. बाकं भरली होती, पण नेहमीसारखी चेष्टामस्करी नव्हती. शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, वखारीची धूळ अंगावर घेऊन लेआंद्र बसला होता. परवान्यासाठी त्याला ह्याच परीक्षेत पास व्हायचं होतं, म्हणूनच तो आला होता.

झीमनं फेब्रुवारीतली हकीकत सांगितली. पापुद्रा, वितळलेला ठसा, करडा गोळा, दोनदा बोललेलं खोटं. आवाज चढवला नाही, माफी मागितली नाही. मग फांदीआड गेला. खिशातलं एक नाणं त्यानं दर वेळी उडवलं आणि जे येईल ते शेपूट दाखवलं. सातव्या वेळी त्यानं शेपूट मुद्दाम आत, दाट पानांमागे, काळ्या टोकापुरतंच दाखवलं, खालची बाजू दिसूच दिली नाही.

कागद त्यानंच तपासले, हॅलोवेल शेजारी बसली होती. सातव्याला बहुतेकांनी काही ना काही ठोकून दिलं होतं. लेआंद्रच्या कागदावर लिहिलं होतं, 'दिसलं नाही.' झीमनं त्यावर बरोबरची खूण केली आणि इतरांच्या सातव्यांवर फुली. बाकांवर कुरकुर झाली.

"निम्म्यांचं तर बरोबर असणार की, झीम," कुणीतरी म्हणालं.

"माझंही दोन हिवाळे बरोबर निघत होतं," झीम म्हणाला.

लेआंद्र कागद घ्यायला आला. दहापैकी दहा. त्यानं कागद घडी करून खिशात घातला, पण गेला नाही.

"सातवं कोणतं होतं?"

"लिंक्स."

लेआंद्रनं हात पुढे केला, कचेरीबाहेर केला होता तसाच.

"दाखव."

झीमनं शेपूट त्याच्या हातात ठेवलं. लेआंद्र खिडकीशी गेला, उजेडात ते वरून पाहिलं, उलटं करून खालून पाहिलं, अंगठ्यानं रंग चाचपला. घाई केली नाही. मग परत येऊन ते टेबलावर ठेवलं आणि टोपी घालून बाहेर पडला.